वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली नव्हे

लकवा झालेल्या माणसाला घरची मंडळी दवाखान्यात घेऊन येतात, तेव्हा दोन वाक्ये आमच्या कानावर हमखास पडतात. पहिले, "डाक्टरसाहेब, बाबाले आता काईच समजत नाई." आणि दुसरे, "डोक्याले करंट देऊन बोलतं करतात म्हणे, ते कुठी भेटते?" यातले पहिले वाक्य पुष्कळदा चुकीचे असते. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, परंतु ऐकणाऱ्याच्या मनातले चित्र मात्र खरे नसते. मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून काही कुटुंबे या करंटसाठी एखादे एकर विकण्याच्या विचाराला लागतात. म्हणून लकव्यात बोलणे, चालणे आणि विचार करणे यांवर नेमका काय परिणाम होतो आणि विजेच्या उपचाराने त्यात किती फरक पडतो, हे आज पाहू.

वारं नव्हे, रक्तवाहिनी

आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. प्रत्यक्षात या रोगात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते, किंवा फुटून रक्तस्राव होतो. शंभरातल्या साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी रुग्णांत गुठळी हे कारण असते, उरलेल्यांत रक्तस्राव. दोन्ही वेळा लक्षणे सारखीच दिसू शकतात. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो आणि उपचार दोहोंचे अगदी उलट असतात. एकात गुठळी विरघळवायची, दुसऱ्यात रक्त थांबवायचे. म्हणूनच स्कॅन न करता कोणी 'लकव्याचे इंजेक्शन' देतो म्हणाला तर सावध व्हावे.

हा शहरी, श्रीमंत लोकांचा रोग आहे, हाही गैरसमज आहे. आपल्या विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. तेव्हा असे आढळले की, मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा हेच होते. दर सात मृत्यूंमध्ये साधारण एक मृत्यू लकव्याने झालेला होता आणि यांतील बहुतेक माणसे रुग्णालयात नव्हे, घरीच दगावली होती. शेतावर राबणारा, काटक शरीराचा माणूस यातून सुटतो असे नाही. न तपासलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि खर्रा त्याच्याही मागे लागलेले असतात.

पहिले साडेचार तास

एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय गळाला, बोलणे अडखळू लागले किंवा समोरच्याचे बोलणे कळेनासे झाले, यापैकी एक लक्षण दिसले तरी तो लकवा समजून निघावे. चेहरा, हात, बोली आणि वेळ, हे चार शब्द घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असावेत. काही वेळा केवळ चेहऱ्याची नस सुजल्याने तोंड वाकडे होते आणि तो प्रकार वेगळा असतो; पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे.

गुठळीचा लकवा असेल तर ती विरघळवण्याचे औषध लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असेल तर तारेच्या साहाय्याने गुठळी बाहेर ओढून काढण्याची पद्धतही आता आहे. ती साधारणपणे सहा तासांत आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येते, पण मोठ्या केंद्रातच. रक्त न मिळाल्यास दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशेब २००६ साली मांडला गेला.

पातूरपासून अकोला तीस-बत्तीस किलोमीटर. आलेगाव, चान्नी, सस्तीकडच्या मंडळींना आणखी अंतर कापावे लागते. तरीही साडेचार तास पुरतात, जर आपण ते वाया घालवले नाहीत तर. ते वाया जातात कुठे? तेल चोळण्यात, कबुतराच्या रक्ताचा इलाज शोधण्यात, 'सकाळपर्यंत पाहू' म्हणण्यात आणि मोठा मुलगा पुण्याहून काय सांगतो याची वाट पाहण्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल ते वाहन घ्यावे. निघतानाच फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का आणि गुठळीचे औषध मिळते का, हे विचारावे. रुग्ण शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. रुग्णाच्या तोंडात पाणी, साखर, चहा, तुळशीचा रस काहीही घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते. रक्तदाब पाहून आपल्या मनाने जिभेखाली गोळीही ठेवू नये.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पुढे व्यायाम असो की विजेचे यंत्र, ते जिवंत राहिलेल्या मेंदूवरच काम करते. मेलेल्या पेशी कोणतीही वीज उठवू शकत नाही.

बोलणे का जाते?

बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि हाच डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. त्यामुळे उजवा हात-पाय गळाला की वाचाही जाण्याचा संभव जास्त. लिहिण्याचा हातही तोच, म्हणून बोलणे आणि सही दोन्ही एकाच दिवशी जातात.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने लबोर्न नावाचा एक रुग्ण तपासला. त्याला वर्षानुवर्षे 'टां' एवढाच एक उच्चार करता येत असे आणि सारे रुग्णालय त्याला त्याच नावाने ओळखत होते. ब्रोकाने विचारले, तू इथे किती वर्षे आहेस? तेव्हा त्याने पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि वर एक बोट. म्हणजे एकवीस. उत्तर बरोबर होते. तोंडातून एक शब्द निघत नव्हता, पण एकवीस वर्षांचा हिशेब डोक्यात शाबूत होता. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड आढळला. त्या भागाला आजही ब्रोकाचेच नाव आहे.

पुढे १८७४ साली जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार सांगितला. यात रुग्ण घडाघडा बोलतो, पण शब्दांचा मेळ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. अशा माणसाला आपल्याकडे 'भ्रमिष्ट झाला' असे म्हणून मोकळे होतात. तो भ्रमिष्ट नसतो. आपण एखाद्या अनोळखी मुलखात उतरलो आणि तिथली भाषा कळेनाशी झाली, तर आपली जी गत होईल, तीच त्याची स्वतःच्या घरात झालेली असते. मोठ्या लकव्यात हे दोन्ही प्रकार एकत्रही होतात. भाषेच्या या बिघाडाला आम्ही 'अफेजिया' म्हणतो, मराठीत वाचाघात. जीभ आणि ओठ यांचे स्नायू लुळे पडून उच्चार बोबडे होतात तो प्रकार वेगळा. त्यात भाषा शाबूत असते, फक्त उच्चार बिघडतात.

वक्तृत्वासाठी देशभर ओळखले जाणारे माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना २००९ साली लकव्याचा झटका आला आणि त्यानंतर त्यांचे बोलणे खुंटले. सभा जिंकणाऱ्या वाणीलाही एका वाहिनीपुढे हात टेकावे लागतात. तेव्हा आपल्या घरातला बोलका माणूस मुका झाला तर त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा किंवा हट्ट शोधू नये.

समज तपासावी, गृहीत धरू नये

रुग्णाला किती कळते ते घरीही अजमावता येते. 'डोळे मिटा', 'खिडकीकडे पाहा' असे साधे सांगावे, हाताने खूण न करता. मग 'आता रात्र आहे का?' आणि थोड्या वेळाने 'आता दिवस आहे का?' असा उलटसुलट प्रश्न विचारावा. वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून एका मानेच्या हलण्यावर निष्कर्ष काढू नये.

याचा व्यवहाराशीही संबंध आहे. लकवा झालेल्या माणसाचा अंगठा घाईघाईने कागदावर घेतल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. एकीकडे ज्याला सारे कळते त्याला न विचारता व्यवहार होतो, दुसरीकडे ज्याला कळत नाही त्याच्याकडून संमती घेतली असे दाखवले जाते. दोन्ही अन्याय आहेत. तातडी नसेल तर खरेदी-विक्री, वाटणी, बक्षीसपत्र हे काही महिने पुढे ढकलावे आणि करायचेच असेल तर आधी डॉक्टरांकडून त्याची समज तपासून घ्यावी.

उजव्या मेंदूच्या लकव्यात आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. रुग्ण बोलतो छान, पण त्याच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नसते. ताटातली उजवीकडची भाजी-भाकर संपवतो आणि डावीकडचे वरण तसेच ठेवून 'वाढा' म्हणतो. सूनबाईला वाटते, नखरे करतात. ते नखरे नव्हेत. मेंदूचे लक्षच तिकडे जात नाही. ताट किंचित फिरवून द्यावे आणि बोलताना डाव्या बाजूला बसून त्याला तिकडे वळायला लावावे. याशिवाय विसरणे, एका कामात मन न लागणे, पैशाचा हिशेब चुकणे, उगाच रडू येणे हेही होते. साधारण एक तृतीयांश रुग्णांना खिन्नतेचा आजार जडतो आणि त्यावर औषध आहे. 'आता काय, वय झालं' म्हणून तो अंगावर काढू नये.

करंटची गोष्ट

आता विजेकडे वळू. मेंदूचे काम मुळातच विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालते. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला हलका प्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे कॅनडात माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हे रुग्णाला जागे ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करीत. भाषेच्या भागाला प्रवाह लावला की बोलणारा माणूस मध्येच अडे, प्रवाह काढला की पुन्हा बोलू लागे. म्हणजे वीज कामाला लावते तशीच काम थांबवतेही. कुठे, किती आणि कशी द्यायची यावर सारे अवलंबून आहे.

सध्या मुख्यतः चार प्रकार ऐकू येतात. पहिला चुंबकाचा. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता चुंबकीय झटक्यांनी मेंदू जागवता येतो हे दाखवले. डोक्यावर तारेचे वेटोळे धरतात, भूल लागत नाही. नैराश्याच्या आजारात याचा उपयोग मान्य झालेला आहे. दुसरा प्रकार डोक्यावर दोन ओल्या पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपियरचा अगदी मंद प्रवाह वीसेक मिनिटे देण्याचा. तिसरा, मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला यंत्र बसवून ती चाळवण्याचा. चौथा, शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आत बारीक तारा घालण्याचा. हा शेवटचा उपचार मुंबईच्या जसलोक रुग्णालयासारख्या ठिकाणी बरीच वर्षे होतो, पण तो मुख्यतः कंपवातासाठी. कंपवातात हात थरथरतो, लकव्यात गळतो. हे दोन रोग वेगळे आहेत. एकाचा बरा झालेला रुग्ण चित्रफितीत पाहून दुसऱ्यासाठी आशा बांधू नये.

लकव्यात या उपचारांचा अनुभव काय? अमेरिकेत १९९ रुग्णांवर चुंबकाचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींना खरे झटके दिले, काहींना यंत्र नुसते लावल्याचे नाटक केले. हाताचा व्यायाम मात्र दोघांकडूनही सारखाच करून घेतला. सहा महिन्यांनी खऱ्या गटातले ६७ टक्के रुग्ण सुधारले होते आणि नाटकाच्या गटातले ६५ टक्के! म्हणजे हात सुधारला तो व्यायामाने. यंत्राने त्यात भर घातल्याचे दिसले नाही.

त्याच वर्षी वाचाघाताच्या ७४ रुग्णांवर मंद प्रवाहाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. शब्दांचा सराव चालू असताना प्रवाह दिलेल्यांना थोडे अधिक शब्द सापडू लागले. आशा वाटावी असे हे चिन्ह आहे, पण सर्वांना उपचार म्हणून सांगावे एवढा तो पुरावा नाही. व्हेगस नसेचा प्रयोग अधिक ठोस ठरला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जुना लकवा असलेले १०८ रुग्ण होते. व्यायामाच्या जोडीला खरी चाळवणी मिळालेल्यांत ४७ टक्क्यांचा हात लक्षणीय सुधारला, नुसता व्यायाम करणाऱ्यांत २४ टक्क्यांचा. त्याच वर्षी अमेरिकेने या यंत्राला मान्यता दिली. पण इथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रुग्ण हालचाल करतो त्याच क्षणी नसेला झटका दिला जातो. खाटेवर निजून नुसता झटका घेतल्याने हात चालू लागत नाही.

यावरून मला उमगलेले तात्पर्य असे की, वीज शिकवत नाही, शिकवतो तो सराव. पिकाला खत द्यावे तसे हे यंत्र आहे. पेरणीच केली नसेल तर खत टाकून काय उगवणार? ज्या केंद्रात व्यायामतज्ज्ञ आणि वाचातज्ज्ञ नाहीत, नुसते यंत्र आणि त्याचे दरपत्रक आहे, तिथून परत फिरावे. डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप असेल, हृदयाचा पेसमेकर असेल किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर चुंबकाचा उपचार धोक्याचा ठरू शकतो. घरी बॅटरी जोडून डोक्याला करंट देण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. कातडी भाजते आणि इतर अपायही होतात.

घरचा सराव

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचे काम शिकतात. मोठा रस्ता खचला तर शेताच्या धुऱ्यावरून माणसे जाऊ लागतात आणि जाऊन जाऊन तिथेच पायवाट पडते, तसेच हे आहे. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो. पुढेही सुधारणा होत राहते, थोडी सावकाश.

बोलण्यासाठी : टीव्ही बंद करावा. एका वेळी एकानेच बोलावे, वाक्य लहान असावे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे, त्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नये. लोटा, चष्मा, भाकर, काठी या रोजच्या वस्तू समोर ठेवून नावे घ्यायला लावावीत. ज्यांना एक शब्द बोलता येत नाही, त्यांतल्या काहींना आरती किंवा भजन म्हणता येते, एक ते दहा आकडे ओळीने म्हणता येतात. घरच्यांना हा चमत्कार वाटतो किंवा 'सोंग करतात' असा संशय येतो. सूर आणि पाठांतर यांत उजव्या मेंदूचाही हात असतो, म्हणून असे घडते. नुसती आरती म्हणून बोलणे परत येत नाही. पण त्याच चालीत 'पाणी दे', 'चहा हवा' असे कामाचे बोल बसवून, हाताने ताल धरून म्हणवून घेतले तर उपयोग होतो. बोस्टनच्या वाचातज्ज्ञांनी १९७३ साली हीच पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. घरात मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन भाषा चालत असतील तर जी आधी परत येते तिच्यातच सुरुवात करावी.

हातासाठी : दुबळ्या हाताला काम द्यावे. तुरीच्या शेंगा सोलणे, कापसातली सरकी काढणे, वाती वळणे, पेला उचलून ठेवणे. पाच-दहा वेळा नव्हे, दिवसातून शेकडो वेळा. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घालून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घेतली. हात चांगला सुधारला. बोटे थोडी तरी हलत असतील तरच हे जमते आणि व्यायामतज्ज्ञाला विचारूनच करावे. लुळ्या खांद्याला धरून ओढू नये, सांधा निखळतो.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या व्यायामतज्ज्ञाकडे सुरुवातीला काही दिवस जाऊन पद्धत शिकून घ्यावी. वाचेसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या उपचारांपूर्वी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली एक बाब म्हणजे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेले कायमचे वाक् व भाषा अपंगत्व स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. हात-पाय चालत असले तरी केवळ वाचा गेल्यानेही प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो. रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटते' म्हणून बंद करू नये. तंबाखू आणि खर्रा सोडावा, मीठ-लोणचे-पापड बेताने घ्यावे, साखर तपासावी. ज्यांना आजवर काही झाले नाही त्यांनी तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात.

आणि ज्यांच्या घरी असा माणूस खाटेवर आहे, त्यांनी आज संध्याकाळी त्याच्याजवळ अर्धा तास बसावे. कपाशीचा भाव, पावसाची बातमी, नातवाचे गुण, जे पूर्वी त्याला सांगत होतात तेच सांगावे. एक सोपा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.